एसक्यूलाइटवालं अ‍ॅप नवीन गाळ्यांवर रॅम खातंय, जुन्या गाळ्यांवर तेच अ‍ॅप व्यवस्थित. २ जीबीच्या मशीनवर काय काय करता येईल?

तुर्भेकर
नमस्कार मंडळी. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा आणि फळ मार्केटमधल्या काही गाळ्यांवर एक बिलिंगचं अ‍ॅप चालतं, मूळ दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं, आता मी सांभाळतो. पायथन आणि फ्लास्क, डेटाबेस एसक्यूलाइट (वेगळा सर्व्हर नाही, सगळा डेटा एका फाइलीत), स्क्रीन ब्राउझरमधे, आणि हे सगळं एका छोट्या लिनक्सवाल्या मिनी पीसीवर, रॅम २ जीबी. गाडी आली की आवक नोंदवायची, मापाड्याने वजन सांगितलं की टाकायचं, हमाली-तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी आणि खरेदीदाराचं बिल काढायचं, इतकंच काम. पहाटे सुरू झालं की दुपारपर्यंत थांबत नाही.

आता अडचण. नवीन घेतलेल्या गाळ्यांवर सकाळी प्रोसेस दीडशे-दोनशे एमबीला असते आणि चढत चढत दहा-अकरापर्यंत आठशे-नऊशेला जाते, ब्राउझर पण त्याच मशीनवर, मग कर्नलच प्रोसेस मारून टाकतो आणि ऐन गर्दीत पट्टी निघत नाही, शेतकरी काउंटरसमोर उभा. जुन्या गाळ्यांवर, जिथे २०१४-१५ पासूनचा डेटा आहे म्हणजे फाइल कितीतरी मोठी, तिथे तेच व्हर्जन तीनशेच्या आत राहतं. मशीन तेच, कोड तोच. डेटा जास्त तिथे मेमरी कमी आणि डेटा कमी तिथे जास्त, हे मला पटतच नाहीये. हापूसचा सीझन तोंडावर आहे, फळ मार्केटमधे एप्रिल-मेला पेट्यांच्या नोंदी काही पटीत वाढतात, त्याच्या आत हे सोडवायचंय. कोणी म्हणतं पोस्टग्रेसवर (वेगळा सर्व्हर चालवणाऱ्या डेटाबेसवर) न्या, कोणी म्हणतं रॅम वाढवा. मशीनला दुसरा स्लॉट नाही.

कळवा_खाडी
दादा आधी आकडा कुठला बघताय ते सांगा. टॉप कमांडमधला रेस कॉलम (प्रोसेसने रॅममधे व्यापलेली जागा) असेल तर त्यात शेअर्ड लायब्ररी आणि मॅप केलेल्या फाइलींची पानं (ठराविक मापाचे तुकडे) पण धरलेली असतात. प्रॉकखाली त्या प्रोसेसच्या फोल्डरमधे स्मॅप्स_रोलअप नावाची फाइल असते, कर्नल ४.१४ पासून आहे, त्यात पीएसएस (शेअर्ड पानं वाटून धरलेला आकडा) आणि अ‍ॅनॉनिमस (कुठल्या फाइलीची नसलेली मेमरी) या दोन ओळी बघा. अ‍ॅनॉनिमस मोठा असेल तर ती खरंच तुमच्या प्रोसेसने मागितलेली मेमरी. फ्री कमांडमधे बफ/कॅशे मोठं दिसलं म्हणून घाबरू नका, तो कर्नलचा फाइल कॅशे आहे, गरज पडली की सोडतो, अव्हेलेबल कॉलम खरा.

येऊर_पायथ्याशी
एसक्यूलाइट स्लो आणि हेवी वाटत असेल तर नेहमीच्या सेटिंग टाका ना. जर्नल मोड वॉल (डब्ल्यूएएल, बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायचे), सिंक्रोनस नॉर्मल, टेंप स्टोअर मेमरी, एममॅप साइज भरपूर, कॅशे साइज मोठी. माझ्या कामात खूप फरक पडला होता.

वागळे_इस्टेट
येऊरदादा, वॉल आणि सिंक्रोनस नॉर्मल चांगल्याच आहेत, पण बाकीच्या तीन सेटिंग वेगासाठी आहेत आणि त्या वेगाची किंमत रॅममधे मोजायची असते. ३२ जीबीच्या सर्व्हरवर कोणाला कळतही नाही. इथे २ जीबीत ब्राउझर पण बसवायचाय.

टेंप स्टोअर मेमरी केलं की इंडेक्स नसलेला प्रत्येक ऑर्डर बाय आणि ग्रुप बाय (क्रम लावणं, गट करणं) जो तात्पुरता बी-ट्री (क्रमाने लावलेली रचना) बनवतो तो पूर्ण रॅममधे बनतो. कॅशे साइज म्हणजे एका कनेक्शनने किती पानं जवळ धरून ठेवायची, आणि हे दर कनेक्शनला वेगळं असतं, दहा कनेक्शन म्हणजे दहा कॅशे, एकमेकांशी वाटून घेत नाहीत. एममॅप म्हणजे फाइल सरळ मेमरीत जोडणं, त्याचं थोडं वेगळं, ती फाइलचीच पानं असतात, कर्नल परत घेऊ शकतो, रेस फुगलेला दिसतो पण तेवढा त्रास नसतो.

तुर्भेकर, पाच गोष्टी छापून इथे टाका: पेज साइज, कॅशे साइज, टेंप स्टोअर, जर्नल मोड, एममॅप साइज. जुन्या गाळ्याच्या आणि नवीन गाळ्याच्या, दोन्हीच्या. आणि पूलमधे, म्हणजे उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या गटात, कनेक्शन किती?

तुर्भेकर
हे घ्या. दोन्हीकडे जर्नल मोड वॉल, टेंप स्टोअर २, एममॅप ०, कॅशे साइज १००००, कनेक्शन उघडताना कोडमधूनच सेट होतंय. पूल ८ चा. फरक फक्त एका ठिकाणी, पेज साइज जुन्या गाळ्यात १०२४ आणि नवीनमधे ४०९६. ही कुठे सेट केलेली कोडमधे सापडत नाहीये.

अ‍ॅनॉनिमस पण बघितलं कळवादादा, जवळजवळ सगळी तीच आहे.

वागळे_इस्टेट
सापडलं, निदान एक कारण तरी नक्की.

कॅशे साइजचा आकडा पॉझिटिव्ह असेल तर तो पानांचा आकडा असतो, निगेटिव्ह असेल तर किलोबाइटचा. म्हणजे तुमचे १०००० म्हणजे दहा हजार पानं. जुन्या फाइलीत पान १ केबीचं, म्हणजे एका कनेक्शनला जास्तीत जास्त १० एमबी, आठांचे ८०. नवीन फाइलीत पान ४ केबीचं, म्हणजे ४० एमबी, आठांचे ३२०. कोडमधे एक अक्षर न बदलता.

पेज साइज कोडमधे सापडणार नाही कारण ती फाइल पहिल्यांदा बनते तेव्हा ठरते आणि फाइलीतच लिहिलेली राहते. एसक्यूलाइट ३.१२.० आलं मार्च २०१६ मधे, तोपर्यंत डीफॉल्ट पान जवळजवळ नेहमी १०२४ चं असायचं, त्या व्हर्जनपासून ४०९६ झालं. तुमच्या जुन्या फाइली त्याआधी बनलेल्या, मशीन बदललं, लायब्ररी बदलली, फाइल तीच कॉपी होत आली. नवीन गाळ्याची फाइल नव्या लायब्ररीने बनवली. आणि एसक्यूलाइटवाल्यांनी हे तेव्हाच ओळखलं होतं, त्याच व्हर्जनमधे त्यांनी डीफॉल्ट कॅशे साइज २००० वरून उणे २००० केली, म्हणजे पान कितीही मोठं झालं तरी कॅशे साधारण २ एमबीच राहावा. डीफॉल्टवर राहिलेल्यांना काहीच झालं नाही. ज्यांनी हाताने पॉझिटिव्ह आकडा लिहून ठेवलाय त्यांची मर्यादा चौपट झाली. २०१२ च्या आसपास लिहिलेल्या कोडमधे हे दहा हजार अगदी योग्यच होते, तेव्हा त्याचा अर्थ १० एमबी होता.

सकाळी कमी आणि हळूहळू वाढतं ते पण यातूनच समजतं. कॅशे साइज ही मर्यादा आहे, सुरुवातीलाच तेवढी मेमरी घेतली जात नाही. एका कनेक्शनवर दिवसाचा रिपोर्ट चालला की त्याचा कॅशे काठोकाठ भरतो, पुढचा रिपोर्ट पूलमधल्या दुसऱ्या कनेक्शनवर जातो, तो पण भरतो, असे एकेक करत आठही भरतात आणि पूल कनेक्शन बंद करत नाही म्हणून खाली काहीच येत नाही. लोकांना वाटतं लीक आहे, म्हणजे घेतलेली मेमरी सोडायची राहून जातेय. लीक नाहीये.

उणे ४००० करा, ४ एमबी. या कामाला त्याहून जास्त लागणार नाही, कारण कर्नलचा फाइल कॅशे खाली आहेच, पान एसक्यूलाइटकडे नसलं तर बहुतेक वेळा तिथून मिळतं, डिस्कपर्यंत जावं लागत नाही.

घणसोली_स्टेशन
वा, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे पण पॉझिटिव्ह आकडा आहे, आजच बघतो.

सानपाडा_पामबीच
वागळेसरांचं बरोबर आहे पण हिशोब अजून पूर्ण होत नाहीये असं मला वाटतं. ३२० वजा ८० म्हणजे २४० चा फरक. तुर्भेकर सांगतायत आठशे-नऊशे विरुद्ध तीनशे. उरलेले साडेतीनशे कुठून आले? मी मोबाइल अ‍ॅप करते, तिथे अशा वेळी मी पहिल्यांदा दोन गोष्टी शोधते, कुठे सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम मागवणं) आहे आणि कुठे ब्लॉब (फोटोसारखा कच्चा बाइट्सचा डेटा) आहे. नवीन गाळ्यांवर असं काही फीचर चालू आहे का जे जुन्यांवर नाही?

तुर्भेकर
ताई, आहे. काटापावतीचा फोटो. मापाडी मोबाइलवरून काढतो, तो आवकेच्या रोमधेच ब्लॉब म्हणून जातो. जुन्या गाळ्यांवर मालकांना नको होतं म्हणून बंद आहे. एकेक फोटो २-३ एमबीचा. पण मेन स्क्रीनवर तर फक्त शेवटच्या ५० आवकांची यादी आणि बारीक थंबनेल दिसतात.

सानपाडा_पामबीच
थंबनेल बारीक दिसतं, पण येतं काय ते बघा. यादीच्या क्वेरीत सिलेक्ट स्टार असेल तर ५० रो म्हणजे ५० पूर्ण फोटो, अडीच एमबी धरले तरी सव्वाशे एमबी पायथनमधे बाइट्स म्हणून. मग एचटीएमएलमधे घालायला बेस६४ (बाइट्सचं अक्षरांत रूपांतर) करत असाल तर ते मूळच्या एक तृतीयांशाने वाढतं, म्हणजे अजून पावणेदोनशेच्या आसपास, मग टेम्प्लेट पूर्ण पानाची स्ट्रिंग बनवतो त्यात तेच परत एकदा. एक रिक्वेस्ट चालू असताना एकाच फोटोच्या तीन प्रती. दोन काउंटरवर एकदम रिफ्रेश दाबलं की संपलं.

करायचं ते असं. यादीच्या क्वेरीत कॉलमची नावं लिहा, फोटो नको. फोटो वेगळ्या टेबलात न्या, आवक क्रमांक आणि ब्लॉब, एवढंच. थंबनेल फोटो आला तेव्हाच एकदा बनवून ठेवा, १५-२० केबीचं होतं, ते डेटाबेसमधे राहिलं तरी चालेल. मूळ मोठा फोटो मात्र मी डिस्कवर फाइल म्हणून ठेवेन आणि टेबलात फक्त पाथ, एसक्यूलाइटच्या स्वतःच्या कागदपत्रांतही साधारण १०० केबीच्या आतला ब्लॉब डेटाबेसमधे आणि त्याहून मोठा बाहेर असंच धोरण सुचवलंय. बॅकअपला मात्र मग दोन्ही घ्यावे लागतील, ते विसरलं जातं.

आणि वेगळं टेबल करणं आत्ता जमणार नसेल तर निदान ब्लॉबचा कॉलम शेवटी ठेवा. मोठा रो एका पानात मावत नाही, तो ओव्हरफ्लो पानांच्या साखळीत जातो, आणि ब्लॉबनंतर एखादा छोटा कॉलम असेल, समजा रक्कम, तर ती रक्कम वाचायला सगळी साखळी चालत जावी लागते. ती सगळी पानं कॅशेतून जातात, म्हणजे वागळेसर म्हणाले तो कॅशे फोटोंनीच भरतो आणि कामाची पानं बाहेर फेकली जातात.

अँड्रॉइडवर हा धडा लवकर मिळतो कारण तिथे कर्सरविंडो साधारण २ एमबीची असते, रो त्यात मावला नाही की सरळ एक्सेप्शन. सर्व्हरवर कोणी अडवत नाही म्हणून कळत नाही.

कोपरी_पूर्व
मी पोस्टग्रेस म्हणणाऱ्यांपैकी आहे आणि अजूनही म्हणतो, पण या मशीनवर नाही. त्याचे शेअर्ड बफर्स डीफॉल्टलाच १२८ एमबी, वर दर कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस. चार काउंटर एकाच नेटवर्कवरून वेगवेगळ्या मशीनवरून लिहायला लागले तर बोलू. एका गाळ्याला नको.

ऐरोली_सेक्टर८
थोडं बाजूला जातोय पण नावं वेगळी असली तरी गोष्ट तीच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे एका प्रॉडक्टमधे रॉक्सडीबी (अ‍ॅपच्या आतच चालणारा डेटाबेस) एम्बेड केलंय, टीमने ब्लॉक कॅशे नीट बांधून दिला होता आणि तरी मेमरी वाढत होती. तिथे डीफॉल्टला इंडेक्स आणि फिल्टर ब्लॉक हे ब्लॉक कॅशेच्या बाहेर असतात आणि मॅक्स ओपन फाइल्स उणे एक असतं म्हणजे उघडलेली प्रत्येक फाइल उघडीच, जशा फाइली वाढतात तशी ती मेमरी वाढते आणि कुठल्याच मर्यादेत मोजली जात नाही. शिवाय राइट बफर ६४ एमबीचा, आणि तो दर कॉलम फॅमिलीला (डेटाच्या वेगळ्या गटाला) वेगळा. पाच-सहा कॉलम फॅमिली केल्या की गुणाकार करा. इंडेक्स-फिल्टर कॅशेत घालायची सेटिंग चालू केली आणि राइट बफर लहान केले तेव्हा आटोक्यात आलं.

डकडीबी (विश्लेषणासाठीचा डेटाबेस) कोणी रिपोर्टसाठी शेजारी लावत असेल तर त्याची मेमरी लिमिट डीफॉल्टला मशीनच्या रॅमच्या ८० टक्के असते हे लक्षात ठेवा. तो एकटाच चालणार असेल तर ठीक, दुसऱ्या अ‍ॅपच्या आत असेल तर लिमिट हाताने लिहा आणि थ्रेड कमी करा. थ्रेड जेवढे जास्त तेवढी मेमरी.

घणसोली_स्टेशन
जावावाल्यांसाठी पण टाका कोणीतरी. आम्ही एचटू (जावामधला डेटाबेस) वापरतो.

ऐरोली_सेक्टर८
एचटूचा कॅशे जेव्हीएमला मिळालेल्या मेमरीच्या प्रमाणात ठरतो, दर जीबीला साधारण ६४ एमबी. आणि एक्सएमएक्स (हीप म्हणजे जावाच्या मेमरीची कमाल मर्यादा) दिलं नसेल तर जेव्हीएम स्वतः मशीनच्या रॅमच्या पाव हिस्सा हीपची मर्यादा धरतो. म्हणून आधी एक्सएमएक्स, मग कॅशे.

कळवा_खाडी
तुर्भेकर, दिवसाचा रिपोर्ट कसा काढताय तो कोड टाका. मला फेचऑलचा, म्हणजे सगळ्या ओळी एकदम मागवल्याचा, वास येतोय.

तुर्भेकर
हो, फेचऑल आहे, सीझनभराच्या सगळ्या ओळी आणून पायथनमधे शेतकऱ्यानुसार डिक्शनरीत बेरीज होते आणि मग सॉर्ट.

कळवा_खाडी
मग तेच बदला आधी. एसक्यूलाइट स्वतः एकेक रो देतं, एका वेळी एकच रो त्याच्या हातात असतो, सगळे रो गोळा करतं ते आपलं पायथन. आणि पायथनमधे एक साधा आकडा म्हणजे पण पूर्ण ऑब्जेक्ट, एक छोटी स्ट्रिंग पन्नासेक बाइटची, ट्युपल वेगळा, त्यामुळे फाइलीत १० एमबी असलेला डेटा रॅममधे काही पट होतो. बेरीज सम आणि ग्रुप बायने डेटाबेसलाच करू द्या, शेतकरी असतील तेवढेच रो बाहेर येतील. जिथे ओळी लागतातच, उदाहरणार्थ एक्सेलला काढायच्या, तिथे कर्सरवर सरळ फॉर लूप फिरवा आणि फाइलीत लिहित जा.

एक्सप्लेन क्वेरी प्लॅन लावून बघा, त्यात यूज टेंप बी-ट्री असं आलं तर तो सॉर्ट किंवा ग्रुप तात्पुरत्या जागेत होतोय. शेतकरी आणि तारीख असा इंडेक्स टाकला तर बहुतेक जाईल. आणि टेंप स्टोअर २ काढून १ करा, फाइल. फक्त त्यात एक मेख आहे, टीएमपीडीआयआर (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर सांगणारं व्हेरिएबल) सेट केलेलं असेल आणि ते टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टिमवर) असेल तर ती 'फाइल' पण रॅममधेच. काही सेट नसेल तर एसक्यूलाइट आधी व्हार खालचं टीएमपी बघतं, ते सहसा डिस्कवर असतं.

अजून एक, तुमच्याकडे भाव दाखवणारी स्क्रीन किंवा असं सतत चालू काही आहे का जे वाचत बसतं? अर्धवट सोडलेला सिलेक्ट म्हणजे उघडं रीड ट्रान्झॅक्शन, मग वॉलमधला मजकूर मूळ फाइलीत गेला तरी वॉल फाइल पुन्हा पहिल्यापासून वापरता येत नाही आणि ती वाढत राहते. त्याच्यामुळे रॅम फार जात नाही, बाजूची एसएचएम (वॉलच्या सूचीची) फाइल थोडी वाढते, पण डिस्क जाते आणि वाचन मंदावतं. कर्सर बंद करा.

वागळे_इस्टेट
कळवादादांनी सांगितलेलं सगळं मान्य. पूल पण ८ चा नको. वॉलमधे वाचणारे कितीही असले तरी लिहिणारा एका वेळी एकच, दोन काउंटरच्या गाळ्याला ३ कनेक्शन पुरतात.

आणि हे सगळं झाल्यावर एक कुंपण घाला. प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंगची कमांड) सॉफ्ट हीप लिमिट, समजा ६४ एमबी. ते ओलांडायची वेळ आली की एसक्यूलाइट कॅशेतली पानं सोडून जागा करायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर पुढे जातं, क्वेरी मोडत नाही. हार्ड हीप लिमिट पण आहे, ३.३१.० पासून म्हणजे २०२० पासून, पण तिथे क्वेरी आउट ऑफ मेमरी म्हणून सरळ फेल होते, पट्टी निघताना ते मला नको वाटतं. सॉफ्टच ठेवा. मोठा रिपोर्ट संपला की त्या कनेक्शनवर प्रॅग्मा श्रिंक मेमरी चालवली तर कॅशे लगेच मोकळा होतो.

मोकळा झाला तरी टॉपमधे आकडा लगेच पडेल असं नाही. जीलिबसीचा (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा) मॅलॉक, म्हणजे मेमरी देणारा भाग, थ्रेडनुसार वेगवेगळे अरीना (मेमरीचे साठे) बनवतो, ६४ बिटवर कोअरच्या आठ पटीपर्यंत, आणि प्रत्येकात थोडी थोडी मोकळी जागा अडकून राहते. चार कोअरवर बत्तीस अरीना. सर्व्हिसच्या फाइलीत मॅलॉक_अरीना_मॅक्स २ टाका. थोडा वेग जाईल, या कामात जाणवणार नाही.

येऊर_पायथ्याशी
मग एसक्यूलाइट नेमकी स्वतः किती घेतंय आणि पायथन किती हे वेगळं कसं कळणार? पायथनच्या मॉड्यूलमधे तर काही दिसत नाही.

वागळे_इस्टेट
सी मधे मेमरी यूज्ड आणि मेमरी हायवॉटर अशी दोन फंक्शन आहेत, पायथनबरोबर येणाऱ्या मॉड्यूलमधे ती उघडी नाहीत, एपीएसडब्ल्यू नावाच्या बाइंडिंगमधे आहेत. पायथनच्या बाजूला ट्रेसमॅलॉक लावा. ट्रेसमॅलॉक फक्त पायथनने घेतलेलं मोजतं, एसक्यूलाइटचा कॅशे त्यात येत नाही, त्यामुळे अ‍ॅनॉनिमसमधून ते वजा केलं की उरलेलं साधारण एसक्यूलाइट आणि अडकलेली मोकळी जागा. ट्रेसमॅलॉक स्वतः पण मेमरी खातं, म्हणून चालू गाळ्यावर नको, घरी फाइलची कॉपी घेऊन करा.

तुर्भेकर
अपडेट देतो. घरी नवीन गाळ्याच्या फाइलची कॉपी घेऊन एकेक बदल वेगळा करून बघितला म्हणजे कशाने किती फरक पडतो ते कळेल. सगळ्यात मोठा फरक यादीतून फोटो काढल्याचा, ताईंनी हिशोब मांडला होता त्याच्या अगदी जवळ. त्याखालोखाल कॅशे उणे ४००० आणि पूल ३. रिपोर्ट ग्रुप बायवर नेल्यावर मधेच येणारी उसळी गेली, आणि रिपोर्ट वेगाने पण यायला लागला, इंडेक्समुळे. अरीनाचा फरक लहान पण दिसण्याइतका. मग फळ मार्केटमधल्या एका गाळ्यावर मालकांना सांगून रविवारी टाकलं, आता दुपारी पण दोनशेच्या आसपासच असतं, प्रोसेस मेलेली नाही. बाकीच्या गाळ्यांवर सीझनच्या आत टाकतो. खूप आभार सगळ्यांचे, मनापासून.

एक शेवटचं विचारायचं होतं. जुन्या गाळ्यांच्या फाइली पण ४०९६ च्या करून घेऊ का, म्हणजे सगळीकडे सारखं राहील?

वागळे_इस्टेट
आता कॅशे किलोबाइटमधे बांधलाय, त्यामुळे पान केवढं याचा मेमरीशी संबंध उरला नाही. वेगासाठी करायचं असेल तर करा, ४ केबी पान बहुतेक फाइलसिस्टिमला जुळतं. पण वॉल मोड चालू असताना पेज साइज बदलत नाही. अ‍ॅप बंद करायचं, बॅकअप घ्यायचा, जर्नल मोड डिलीट करायचा, पेज साइज ४०९६ सांगायची, मग व्हॅक्यूम (सगळी फाइल नव्याने लिहून काढणं), आणि परत वॉल. व्हॅक्यूमला मूळ फाइलीच्या दुप्पट जागा डिस्कवर मोकळी लागू शकते, जुन्या गाळ्यांच्या मशीनवर तेवढी आहे का ते आधी बघा.

मी तुमच्या जागी असतो तर सीझन होईपर्यंत त्या फाइलींना हात लावला नसता.

सानपाडा_पामबीच
+१. आणि फोटो बाहेर काढल्यावर नवीन गाळ्यांच्या फाइली आपोआप लहान होत नाहीत, रिकामी पानं आतच राहतात आणि पुढच्या नोंदींना वापरली जातात. त्यांना पण व्हॅक्यूम सीझननंतरच, जूनमधे.